गिटारचा बट्टा

पोलादी सळईसाठी जालना शहराचे नाव महाराष्ट्रभर घेतले जाते. घरबांधणीस लागणारी सळई तेथील कारखान्यांतून टनांनी बाहेर पडते. त्याच जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर वडीगोद्री हे गाव आहे. या गावी राहणाऱ्या एखाद्या हौशी मनुष्याने मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची गिटार शिकण्याचे मनात आणले, तर त्यास अवघ्या तीन इंच लांबीची एक सळई लागेल. आणि पोलादाच्या इतक्या सान्निध्यात असूनही ती नेमकी कोणती घ्यावी, हे सांगणारा कोणी त्यास सहसा भेटणार नाही. टपालाने मागवावी, तर हाती पडेपर्यंत तिचे वजन हातास कळत नाही. लेथवर करवून घ्यावी, तर कारागीर विचारणार, जाडी किती, लांबी किती, टोक कसे? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी नाहीत, त्याचे शिक्षण पुष्कळदा पहिल्या महिन्यातच थांबते. तार किरकिरते, सूर ठरत नाही, मनगट दुखू लागते. आणि बिचारा दोष देतो तो मात्र आपल्या कानास.

या गिटारला हवाईयन गिटार म्हणतात. हवाई हे प्रशांत महासागरातील बेटांचे नाव. हवेशी त्याचा काही संबंध नाही. साध्या गिटारवर डाव्या हाताची बोटे तार पडद्यांवर दाबतात. हवाईयन गिटारवर तारा पाटीपासून पाव ते अर्धा इंच उंच उचललेल्या असतात, आणि त्यांवर एक गुळगुळीत दांडी नुसती टेकवून सरकवावयाची असते. दांडी जेथे टेकेल तेथे तार तुटली असे समजावे; पुढचा भाग तेवढा बोलतो. या दांडीस गिटार वाजविणारे बार किंवा रॉड म्हणतात. विचित्रवीणेवर हेच काम करणाऱ्या वस्तूस बट्टा असे जुने नाव आहे, आणि येथे तेच वापरणे सोयीचे. हिंदीतील सिलबट्ट्याचा तो बट्टा, म्हणजे आपल्या खलबत्त्यातील बत्त्याचा भाऊच.

ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने १८८९ च्या सुमारास ही रीत रूढ केली असे मानतात. प्रथम रेल्वेरुळावरील बोल्ट, मग कंगव्याची पाठ, चाकूची पाठ असे करीत अखेर त्याने शाळेच्या कारखान्यात पोलादी बट्टा घडविला, अशी कथा सांगतात. कथेतील बोल्ट खरा असो वा नसो, तिच्यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: योग्य बट्टा सापडेपर्यंत त्याने तीनचार वस्तू टाकून दिल्या. हिंदुस्थानात ही गिटार हवाईच्या वादकांनी आणली. त्यांपैकी ताऊ मो हे १९२९ साली येथे प्रथम आले आणि १९४० नंतरची काही वर्षे कलकत्त्यास राहिले. पुढे मुंबईत वॅन शिप्ले यांनी विजेच्या हवाईयन गिटारवर चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या आणि त्या घरोघर वाजल्या.

परंतु पडदे नसलेल्या तारेवर दांडी सरकवून गाणे काढण्याची कल्पना आपल्याकडे समुद्रापलीकडून आलेली नव्हे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. एकच तार, पडदा एकही नाही, आणि डाव्या हातात तारेवर सरकविण्याची बांबूची कांबी. हा ग्रंथ ज्या मराठवाड्यात लिहिला गेला, त्याच मराठवाड्यातील मनुष्याने आज बट्टा शोधावा, यात परकेपणा काहीच नाही. दक्षिणेत तंजावर प्रांतात १६७६ ते १८५५ पर्यंत मराठी राजांचे राज्य होते. त्याच प्रांतातील तिरुविडैमरुदूर गावच्या सखाराम राव यांनी गोट्टुवाद्याचा लौकिक वाढविला आणि त्यांचे शिष्य नारायण अय्यंगार यांनी तो पुढे नेला. उत्तरेत पतियाळ्याचे अब्दुल अझीज खाँ यांनी विचित्रवीणा नावारूपास आणली. गोट्टुवाद्यावर आबनुसी लाकडाची दांडी चालते, विचित्रवीणेवर अंड्याच्या आकाराचा भरीव काचेचा गोळा. एकाच कामास एकाने काच घ्यावी, दुसऱ्याने लाकूड घ्यावे, तिसऱ्याने पोलाद, हे कसे?

याचे उत्तर मुख्यतः वजनात आहे, आणि बट्टा घेताना प्रथम पाहावयाचे तेही वजनच. कंप पावणारी तार बट्ट्यास सारखी हलवू पाहत असते. बट्टा जड असेल तर तो हलत नाही. तारेतील कंप त्यावर आपटून परत फिरतो आणि नाद लांबतो. हलका असेल तर तारेबरोबर तोही थरथरतो, त्या थरथरण्यात कंपाची शक्ती खर्च होते आणि सूर लवकर विझतो. शिकणाऱ्याच्या लक्षात न येता घडणारी आणखी एक गोष्ट आहे. हलका बट्टा तारेवर नीट टेकत नाही म्हणून तो हाताने दाबू लागतो. दाबताच तार खाली वाकते व ताणली जाते, स्वर चढतो, आणि अर्ध्या तासात मनगट भरून येते. बट्ट्याने आपल्याच भाराने तारेवर बसावयाचे असते. हाताने त्यास केवळ वाट दाखवावयाची.

आता धातूंचा हिशेब पाहावा. एका घनसेंटिमीटर पोलादाचे वजन सुमारे ७·८ ग्रॅम, पितळेचे ८·५, काचेचे २·५, आबनुसाचे ग्रॅमच्या जरा वर. तीन इंच लांब व पाऊण इंच जाड, म्हणजे १९ मिलिमीटर व्यासाचा, भरीव बट्टा पोलादाचा केला तर १७० ग्रॅमच्या आसपास भरतो. काचेचा तोच बट्टा ५५ ग्रॅम आणि आबनुसाचा पंचवीसही नाही. विचित्रवीणेच्या वादकांनी काचेची बारीक कांडी न घेता गोळा का घेतला, हे यावरून कळते. कोंबडीच्या अंड्याएवढा भरीव काचेचा गोळा सव्वाशे ते दीडशे ग्रॅम होतो. म्हणजे काचेचा गुळगुळीतपणा पदरात पाडून वजनही जवळजवळ पोलादाइतके साधले. गोट्टुवाद्याच्या वादकाने वजन सोडले आणि त्याच्या मोबदल्यात चपळाई घेतली. कर्नाटक संगीतातील गमकांत दांडी क्षणाक्षणास मागेपुढे हलवावी लागते. तेथे जड गोळा हातास ओढून नेईल. लाकडाचा नाद मऊ व आखूड, ही उणीव त्या वाद्याच्या तरफेच्या तारा काही अंशी भरून काढतात.

जड बट्ट्याचा दोष यातच आला. जे वजन नाद लांबविते तेच वजन थांबावयास उशीर लावते. मध्यमावरून पंचमावर नेलेला जड बट्टा नवख्या हातात पंचम ओलांडून जातो व मग मागे येतो, आणि ऐकणाऱ्यास तो बेसूर वाटतो. म्हणून जितका जड तितका चांगला, हा दुकानदारी सल्ला ऐकू नये. विलंबित आलाप व लांब मींड यांवरच ज्याचा जीव आहे, त्यास दोनशे ग्रॅमच्या पुढचा बट्टाही शोभेल. तान, मुरकी, खटका यांची हौस असणाऱ्याने दीडशेच्या आसपास राहावे. नाट्यगीते काढू पाहणाऱ्याने तर विशेष. बालगंधर्वांच्या गळ्यातील नाजूक जागा ज्या कानांनी ऐकल्या आहेत, त्या कानांस घसरगुंडीसारखी गिटार फार वेळ सोसवत नाही.

मराठी घरांत साथीचे वाद्य म्हणजे पेटी. पेटीचे स्वर ठरलेल्या जागी बसविलेले. दोन स्वरांमधील वाट तिच्यात नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीस जी बंदी केली, तिच्यामागे हेच मुख्य कारण सांगितले जाई, आणि ती १९७१ पर्यंत पुरती सैल झाली नाही. पेटीत जे नाही ते बट्ट्यात भरपूर आहे. किंबहुना बट्ट्यात वाट आहे, जागा मात्र एकही आखलेली नाही. ती वादकाने शोधावयाची. तारेची लांबी ६१ सेंटिमीटर आणि मोकळी तार षड्ज धरली, तर तार षड्ज बरोबर मध्यावर येतो. तेथे एकमेकींस लागून असलेल्या, ८१ व ८० या प्रमाणातील दोन श्रुतींमध्ये चार मिलिमीटरांहूनही कमी अंतर उरते. बट्टा १९ मिलिमीटर जाड. पण तो तारेस टेकतो ती केवळ केसाएवढी रेषा, आणि नेमकी तीच त्याच्या अंगाखाली झाकलेली. म्हणून बट्ट्याच्या मधोमध सरळ वरून पाहण्याची सवय लावावी लागते, आणि म्हणूनच इंचभर जाडीचा बट्टा रागदारीस सहसा घेऊ नये. त्याचे वजन तीनशे ग्रॅमच्या घरात जाते, आणि डोळ्यास अंदाजही येत नाही.

लांबीचा प्रश्न सोपा आहे. सहा तारा मिळून सुमारे दोन इंच रुंदी व्यापतात. सहाही तारांवर एकदम सुरांचे गुच्छ वाजवावयाचे असतील, पाश्चात्त्य पद्धतीची किंवा चित्रपटगीतांची साथ करावयाची असेल, तर तीन ते सव्वातीन इंच लांबी हवी. बट्टा तिरपा धरण्याची वेळ आली तर त्याहून आखूड पुरत नाही. रागदारीत हे ओझे नको. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा यांनी अलीअकबर खाँ यांच्यापाशी शिकून या गिटारवर शुद्ध रागसंगीत वाजविले आणि चिकारीची तार लाविली. १९६७ साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा ही गिटार घरोघर कानी पडली. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी तरफा जोडून मोहनवीणा सिद्ध केली आणि १९९४ साली त्यांस ग्रॅमी पारितोषिक मिळाले. या पद्धतीत गाणे बहुतेक एकदोन तारांवरच चालते, म्हणून अडीच इंच लांबी पुरेशी होते. पाऊण इंच जाडीस तिचे वजन १४० ग्रॅमच्या आसपास येते. प्रथम शिकणाऱ्याने याच मापापासून आरंभ करावा. लहान हाताच्या मुलांस १६ मिलिमीटर जाडीही चालेल.

आकार दोन प्रकारचे. एक साधा गोल, पुढचे टोक बंदुकीच्या गोळीसारखे निमगोल केलेला. दुसरा अंगठा व मधले बोट बसावे म्हणून दोन्ही बाजूंस चर कोरलेला, वरच्या अंगास तर्जनीसाठी खोलगट. चराचा बट्टा घट्ट धरता येतो, तारेवरून झटकन उचलून पुन्हा ठेवता येतो. मुरकीस व मोकळ्या तारेच्या मिश्रणास तो फार उपयोगी. गोल बट्टा धरावयास अवघड, घामाच्या हातातून निसटतो. पण कंपास व मींडेस तो अधिक मोकळा. धरण्याची रीत दोहोंची एकच: बाजूंस अंगठा व मधले बोट, वर तर्जनी, आणि उरलेली दोन बोटे मागच्या तारांवर अलगद टेकलेली. ही मागची बोटे उचलली की बट्ट्यामागचा तारेचा तुकडाही बोलू लागतो. नवशिक्याच्या गिटारचा निम्मा किरकिराट तेथून येतो आणि तो बट्टा बदलून जात नाही.

वडीगोद्रीच्या मनुष्याने आता लेथवाल्याकडे जावयास हरकत नाही. घरबांधणीची सळई मात्र नको. तिच्या अंगावर मुद्दाम उमटविलेल्या रेघा असतात, आणि त्या कातून काढल्या तरी तिला गंज चढतो. भरीव स्टेनलेस पोलादाचा गोल तुकडा घ्यावा, तो कातवून, टोक निमगोल करवून, बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरांनी घासून शेवटी बफिंग करवावे. साधे स्टेनलेस पोलाद गिटारच्या तारेपेक्षा मऊ असते, म्हणून काही वर्षांनी त्यावर बारीक ओरखडे उठतात. पितळेचे तसेच, आणि अधिक लवकर. पोलादावर क्रोमचा मुलामा दिला तर पृष्ठभाग कठीण होतो, पण हलका मुलामा पुढे सोलतो. तात्पुरती सोय हवी असेल तर महामार्गावरील गॅरेजमध्ये मोटारीच्या पिस्टनची पिन मिळते: कठीण केलेले, घासून गुळगुळीत केलेले पोलाद. ती पोकळ असल्याने मापाच्या मानाने हलकी भरते, आणि वापरलेली असेल तर मध्ये किंचित झिजलेली निघते. म्हणून ती, किंवा कोणताही बट्टा, खिडकीच्या काचेवर लोळवून पाहावा. तो खडखडत गेला किंवा खाली प्रकाशाची फट दिसली, तर परत करावा. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब त्याच्या अंगावर एका सरळ रेघेत दिसावे. रेघ लचकली तर तेथे खळगा आहे.

वाजविण्यापूर्वी तारांवर खोबरेल तेलाचा अगदी पुसट हात फिरविण्याची चाल विचित्रवीणा व गोट्टुवाद्य वाजविणाऱ्यांत आहे. गिटारवरही ती चालते, फक्त तेल धरणाऱ्या बोटांस लागू देऊ नये. वाजवून झाल्यावर बट्टा कोरड्या सुती कापडाने पुसावा आणि किल्ल्यांबरोबर खिशात न टाकता कापडात गुंडाळून ठेवावा. शहाबादी फरशीवर पडला तर काचेचा फुटतो. पोलादाचा फुटत नाही, पण त्यास बारीक खोच पडते. ती डोळ्यास दिसली नाही तरी नखास लागते, आणि तारेवर तर प्रत्येक मींडेत ऐकू येते. गोल बट्ट्यास अशी खोच पडली तर ती बाजू वर फिरवून तोच बट्टा पुढे कितीतरी वर्षे वापरता येतो. चराच्या बट्ट्यास ही सोय नाही. त्याची तळबाजू एकच असते.