राडारोड्याची जन्मतारीख

बेंगळुरूत प्लॉटची गोष्ट निघाली की 'तीस-चाळीस' हे माप हमखास कानावर पडते: 30 फूट रुंद, 40 फूट लांब. अशा प्लॉटवरचे 80 चौरस मीटरचे जुने बैठे घर पाडून तिथे 300 चौरस मीटरची बहुमजली इमारत उठवायची आहे, असे धरू. 'टायफॅक' या सरकारी संस्थेच्या 2001 च्या ठोकताळ्यानुसार पक्के बांधकाम पाडताना दर चौरस मीटरला सुमारे 500 किलो, तर नवे बांधताना 40 ते 60 किलो राडारोडा निघतो. म्हणजे पाडकामाचे 40 टन आणि बांधकामाचे 15. एका घरामागे 55 टन!

आता हा हिशेब घेऊन शहराच्या दक्षिणेकडच्या आनेकल तालुक्यात जाऊ. 1978 मध्ये 332 एकरांवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसली आणि शहर या दिशेला सरकू लागले. बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले इथे कारखाने आले, चंदापूर-हेब्बगोडीच्या शेतांत अपार्टमेंट उगवली. ऑगस्ट 2025 मध्ये बोम्मसंद्रपर्यंत मेट्रोही धावू लागली. मोकळ्या जमिनीवरचे हे बांधकाम आज चौरस मीटरला 50 किलोच कचरा देते. तेच पडेल तेव्हा दहापट देईल. म्हणून लोकसंख्येला दरडोई आकड्याने गुणून काढलेला अंदाज इथे फसतो. माणसे मोजून भागत नाही, घरांची वये मोजावी लागतात.

ते जमण्याजोगे आहे. चेन्नईसाठी राम आणि कलिदिंडी या अभ्यासकांनी राडारोड्याचे दर बांधकामाच्या क्षेत्रफळाशी जोडले आणि 2013 साठी 11.4 लाख टनांचा अंदाज मांडला. त्याला इमारतींच्या आयुर्मानाची जोड दिली, तर कोणत्या दशकात कोणता भाग पडायला येईल हेही दिसू लागते. विटा-कौलांची घरे आधी, काँक्रीटची नंतर. मालाचा प्रकारही त्याबरोबर बदलतो.

अडचण कायद्याच्या नजरेत आहे. 2016 च्या नियमांनी दिवसाला 20 किंवा महिन्याला 300 टनांहून अधिक राडारोडा काढणाऱ्यांना व्यवस्थापन आराखडा सक्तीचा केला. 2025 च्या नव्या नियमांत उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, म्हणजे काढलेल्या राडारोड्याच्या पुनर्वापराची बांधिलकी, 20,000 चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्रकल्पांवर आहे. थोडे थोडे करून पाडले की आपले 55 टनांचे घर या मोठ्या चाळणीतून अलगद खाली पडते. अशी सहा घरे म्हणजे 330 टन. पण मालक सहा, कंत्राटदार सहा, आणि आराखडा एकाचाही नाही.

यातले लाकूड, लोखंड भंगारात जाते, थोडी माती-वीट नव्या जोत्याच्या भरणीला लागते. अंदाजातून तेवढे वजा करायचे. उरलेले रात्रीच्या ट्रॅक्टरने ओढ्याकाठी किंवा तलावाच्या पोटात गेले, तर पाण्याची वाट बुजते. चंदापूर तलावाच्या ऱ्हासापोटी राष्ट्रीय हरित लवादाने 2022 मध्ये कर्नाटक सरकारला 500 कोटी रुपये भरायला सांगितले. तिथला मुख्य मुद्दा प्रदूषित पाण्याचा होता. पण बिघडलेला तलाव किती महागात पडतो, हे त्या आकड्याने दाखवून दिले.

अंदाज हाती असला तर काय बदलते? शहराचा राडारोडा दळणारा प्रकल्प उत्तरेला चिक्कजाल्यात, आनेकल दक्षिण टोकाला. एवढ्या लांब वीट वाहून नेणे छोट्या मालकाला परवडत नाही. संकलन केंद्र कुठे, केवढे, दळण यंत्र कधी आणायचे, हे आकड्यांवरूनच ठरेल. शिवाय मालाला गिऱ्हाईक आहे: 'आयएस 383 : 2016' या मानकाने साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत जुने काँक्रीट दळून केलेली खडी चालवून घेतली आहे. डोंगर फोडून खडी आणणाऱ्या तालुक्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

सुरुवात मात्र खर्चिक नाही. तालुक्यातल्या प्रत्येक नागरी संस्थेने बांधकाम परवान्याच्या अर्जात दोन रकाने वाढवावेत: पाडायच्या घराचे क्षेत्रफळ आणि ते बांधल्याचे वर्ष. आणि सगळ्यांनी मिळून वही एकच ठेवावी. ओढ्याला हद्द कळत नाही, ट्रॅक्टरलाही नाही.