250 कोटींपर्यंत

‘नोटीस’ हा शब्द मी पहिल्याच दिवशी काढून टाकला. मराठी घरात नोटीस येते ती बँकेची, महापालिकेची, नाहीतर वकिलाची. ती आली की माणूस आधी घाबरतो, मग चष्मा शोधतो. मला मराठीत आणायचा मजकूर घाबरवण्यासाठी नव्हता. त्यामुळे ‘तुमच्या माहितीचं आम्ही काय करतो’ असं साधं शीर्षक दिलं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला 11 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला. संमती मागताना कोणती माहिती, कशासाठी, हे सोप्या भाषेत सांगायचं. आणि वाचणाऱ्याला इंग्रजी किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणतीही निवडता आली पाहिजे. त्या 22 मध्ये मराठी असल्यामुळे दवाखान्यांसाठी ॲप बनवणाऱ्या एका कंपनीची चार पानं कोथरूडला माझ्या टेबलावर अनुवादासाठी आली.

पहिल्यांदा अडलो ते ‘डेटा प्रिन्सिपल’वर. ज्याची माहिती आहे तो माणूस, एवढाच अर्थ. पण पुण्यात प्रिन्सिपल म्हटलं की फर्ग्युसन नाहीतर स. प. कॉलेज आठवतं. ‘डेटा स्वामी’ लिहून पाहिलं, तर ते मठाच्या पाटीसारखं दिसलं. शेवटी सगळीकडे ‘तुम्ही’ घातलं आणि चार पानांची तीन झाली. ‘डेटा फिड्युशिअरी’ला, म्हणजे माहिती घेणाऱ्या कंपनीला, ‘विश्वस्त’ म्हणायचा मोह होत होता. पण विश्वास ठेवायचा की नाही हेच वाचणाऱ्याने ठरवायचंय, तर आधीच विश्वस्त कसं म्हणणार? तिथे ‘आम्ही’ आलं. ‘प्रोसेसिंग’ला ‘प्रक्रिया’ हा शब्द तयारच होता, पण प्रक्रिया होते ती सांडपाण्यावर नाहीतर आंब्यावर. मी ‘साठवतो, वापरतो, पुढे देतो’ अशी तीन क्रियापदं लिहिली. कंपनीच्या वकीलबाईंना ‘पुढे देतो’ फार उघडं वाटलं. उघडंच हवंय, असं मी म्हटलं. त्यावर दोन दिवस गेले.

मसुदा झाला की मी तो कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवतो. या वेळी शेजारच्या काकूंना. मध्यंतरी फोन लावताना सायबर चोरांपासून सावध करणारी धून लागायची. ती ऐकून ऐकून काकू आता कुठल्याच ‘ओके’वर बोट ठेवत नाहीत. त्यांनी दोन पानं निमूट ऐकली आणि विचारलं, “पण मी नाही म्हटलं तर डॉक्टर तपासतील ना रे?”

याचं उत्तर इंग्रजी मजकुरात कुठेच नव्हतं. मी प्रश्न कंपनीला कळवला. मग कळलं की मोबाइल नंबर दोन कामांसाठी घेतला जात होता: अपॉइंटमेंट कळवायला आणि तपासण्यांवरच्या सवलतींचे मेसेज पाठवायला. दोन्हींना मिळून टिक करायची चौकट मात्र एकच. कायदा तर म्हणतो, सांगितलेल्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती संमती. एका चौकटीच्या दोन झाल्या. दुसरीखाली मी लिहिलं, ‘याला नाही म्हटलंत तरी तपासणी होईल.’ तीन आठवड्यांच्या कामातलं हे सर्वांत चांगलं वाक्य, आणि ते खरं म्हणजे काकूंचं.

मग त्याच कंपनीचं एक पत्रक आलं, दवाखाने, क्लासेस आणि पतसंस्थांना ॲप विकण्यासाठीचं. लाल अक्षरांत 250 कोटींचा दंड आणि खाली प्रश्न, ‘तुम्हाला झोप लागते?’ त्याचं मराठी करायला दहा मिनिटं लागली.

अडलो फक्त आकड्यावर. कायद्यातले 250 कोटी ही कमाल मर्यादा आहे, तीही माहिती सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल. दंड ठरवताना डेटा संरक्षण मंडळाने चुकीचं स्वरूप, गांभीर्य, कालावधी बघायचा आहे. शिवाय मुख्य बंधनं लागू व्हायला नियम आल्यापासून 18 महिने, म्हणजे मे 2027 पर्यंत मुदत आहे. सिंहगड रस्त्यावरच्या दोन खाटांच्या दवाखान्याला उद्या सकाळी 250 कोटींचं बिल येणार नाही. म्हणून मी ‘250 कोटींपर्यंत’ लिहिलं.

असा भीतीवर चालणारा मजकूर आपण आधीही वाचलाय. 2015 च्या डिसेंबरात फेसबुकने निवडक वेबसाइट फुकट दाखवणाऱ्या ‘फ्री बेसिक्स’साठी पानपानभर जाहिराती दिल्या, झुकेरबर्गने लेख लिहून महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला. मोफत सोय हातची जाईल असा सूर, आणि दूरसंचार नियामक ट्रायला पाठवायला आयता मजकूर. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावायला मनाई केली. जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या धोरणाने लोक बिथरले, सिग्नल ॲपकडे वळू लागले, तेव्हा व्हॉट्सॲपच्या पानभर जाहिराती ‘काळजी नको’ सांगायला आल्या.

अशा पत्रकांत न सापडणारी एक गोष्ट इथे सांगून टाकतो. याच कायद्याच्या कलम 44 ने माहिती अधिकार कायदाही बदलला. वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या कलमातच पूर्वी व्यापक जनहिताचा अपवाद होता, तो गेला. वेगळ्या पोटकलमात जनहिताचा आधार उरलाय, पण ‘वैयक्तिक आहे’ म्हणून अर्ज परतवणं अधिकाऱ्याला सोपं झालं. महापालिकेत फायली चाळायला जाणारे लोक ज्या शहरात आहेत, तिथे हे बोचणारच. यासाठी मात्र लाल अक्षरं कुणी छापली नाहीत.

पत्रक एका रविवारी पेपरातून पडलं. शब्द न् शब्द माझा, फक्त ‘पर्यंत’ गाळलेला.

अकराच्या सुमारास सोसायटीचे सेक्रेटरी तेच पत्रक घेऊन वर आले. गेटवरच्या पाहुण्यांच्या वहीचं काय करायचं, जाळायची का? मी म्हटलं, वही कागदी आहे. तिच्यातलं संगणकात चढवत नाही तोवर हा कायदा तिला लागत नाही. तुम्ही मागच्या वर्षी घेतलेल्या गेटच्या ॲपला मात्र लागेल. वही वाचली म्हणून त्यांना बरं वाटलं. ॲपवाल्यांना त्यांनी संमतीचा मजकूर मराठीत मागितला आहे. महिना झाला, अजून आलेला नाही.