डोळ्यांचा ओलावा जपू या : गरम पट्टीचा घरगुती उपाय

विनयपिटकातील महावग्गात औषधांसंबंधी एक स्वतंत्र प्रकरण आहे. डोळ्यांच्या विकाराने त्रस्त झालेल्या भिक्खूंना भगवान बुद्धांनी अंजन वापरण्याची, ते ठेवण्यासाठी डबी बाळगण्याची आणि लावण्यासाठी सळई वापरण्याची अनुमती दिल्याचे त्यात नमूद आहे. काळाबरोबर औषधे बदलली, परंतु त्यामागचा विचार बदललेला नाही. शरीराचे दुःख अंगावर काढू नये, त्याचे कारण शोधावे आणि योग्य तो उपाय करावा, हाच तो विचार होय. त्याच दृष्टीने आज घरोघरी आढळणाऱ्या एका तक्रारीविषयी येथे लिहीत आहोत. ती तक्रार म्हणजे कोरडे डोळे.

स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी आपली मुले-मुली अभ्यासिकेत पंख्याखाली रात्री उशिरापर्यंत बसतात. पुस्तक मिटले की मोबाईल हातात येतो. आपल्या भगिनी शिलाई मशीनवर, कोणी संगणकावर, तर कोणी धुळीतून रिक्षा चालवीत दिवस काढतात. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, लाल होतात. वाचताना अक्षरे अंधुक होतात आणि पापण्या मिटून उघडल्या की पुन्हा स्पष्ट दिसतात. ही सारी कोरडेपणाची लक्षणे असू शकतात. आश्चर्य म्हणजे अशा डोळ्यांतून पुष्कळदा पाणीही वाहते. पृष्ठभाग कोरडा पडून टोचू लागला की डोळा एकदम अश्रू सोडतो. परंतु ते टिकत नाहीत, गालावर ओघळून जातात.

कोरडेपणा का येतो?

आपल्या डोळ्यावर अश्रूंचा एक अत्यंत पातळ थर सतत पसरलेला असतो. त्यात पाणी असते, ते डोळ्याला धरून ठेवणारा बुळबुळीत पदार्थ असतो आणि सर्वांत वर तेलाचा तलम पापुद्रा असतो. पाण्याची वाफ होऊ न देणे हे या तेलाचे काम. ते तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी पापण्यांच्या आत उभ्या ओळीत असतात. प्रत्येक पापणीत साधारण वीस ते चाळीस ग्रंथी असून त्यांची तोंडे पापणीच्या कडेला उघडतात. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात.

पापणी मिटताना या ग्रंथींवर दाब पडतो आणि तेल बाहेर येते. एरवी आपण मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापण्या मिटतो. पुस्तकात किंवा पडद्यावर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, शिवाय पापणी पुरती मिटतही नाही. मग तेल ग्रंथीतच साचून घट्ट होते आणि तिचे तोंड बंद पडते. वय वाढणे, स्त्रियांमध्ये पाळी बंद होण्याचा काळ, पापण्यांच्या कडेचा कोंडा, पापणीच्या आतल्या कडेला भरलेले काजळ यांमुळेही हा त्रास वाढतो. कोरड्या डोळ्यांच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये तेलाची ही कमतरता कमी-अधिक प्रमाणात आढळते.

शेक कसा काम करतो?

हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली गोठते. ती आपण उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवतो आणि तेल सुटते. गरम पट्टीचे तत्त्व नेमके हेच आहे. पापणीच्या आतील भागाला सुमारे ४० अंश सेल्सिअस ऊब काही मिनिटे सलग मिळाली की घट्ट झालेले तेल मऊ होते आणि वाहू लागते.

येथे ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गरम पाण्यात पिळलेला रुमाल एक-दोन मिनिटांतच निवतो. पुष्कळ जण तो तसाच ठेवतात आणि “शेकून काही फरक पडला नाही” असे म्हणतात. दोष उपायाचा नसतो, अपुऱ्या उबेचा असतो. बाजारातील गरम पट्ट्यांचा म्हणजेच आय मास्कचा फायदा एवढाच, की त्यांची ऊब जास्त वेळ टिकते. काही पट्ट्यांत दाणे भरलेले असतात व त्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करतात. काही विजेवर चालतात. काही एकदाच वापरायच्या असतात. त्यांतील लोखंडाच्या भुकटीचा हवेशी संयोग होऊन, म्हणजे लोखंड गंजून, ऊब निर्माण होते. ही शेवटची पट्टी पुन्हा तापवू नये. परवडत असेल तर पट्टी जरूर घ्यावी, परंतु ती नाही म्हणून उपचार अडत नाही.

घरी शेक घेण्याची पद्धत

१. हात साबणाने धुवावेत. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढून ठेवाव्यात. काजळ पुसावे.

२. दोन स्वच्छ, मऊ सुती रुमाल घ्यावेत. आंघोळीला सोसेल इतपत गरम पाणी झाकणाच्या पातेल्यात घ्यावे. रुमाल पिळून प्रथम मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. तेथे चटका बसला तर तो डोळ्यांवर मुळीच ठेवू नये.

३. डोळे मिटून रुमाल अलगद ठेवावा. दर दीड-दोन मिनिटांनी दुसरा गरम रुमाल ठेवावा. असे एकूण दहा मिनिटे करावे. घरातील कोणी रुमाल बदलून दिला तर अधिक सोयीचे होते. पाणी निवू लागल्यास त्यात थोडे गरम पाणी घालावे.

४. रुमालाऐवजी दुहेरी सुती कापडाच्या पिशवीत मूठ-दोन मुठी कोरडे तांदूळ शिवून ती मंद आचेवर, तव्यावर उलटसुलट करून कोमट करता येते. तांदूळ एखाद्या ठिकाणी जास्त तापतात, म्हणून पिशवी नीट हलवून आणि मनगटावर अर्धा मिनिट धरून मगच वापरावी.

५. शेक झाल्यावर तेल मऊ असतानाच स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, पापणीच्या कडेकडे हलकेच चोळावी. बुबुळावर दाब देऊ नये. नंतर ओल्या स्वच्छ कापडाने पापण्यांच्या कडा पुसाव्यात.

शेकानंतर थोडा वेळ अंधुक दिसते, म्हणून लगेच वाहन चालवू नये. प्रत्येकाचा रुमाल वेगळा असावा. पट्टी बांधून झोपी जाऊ नये. सुरुवातीला दिवसातून एक-दोन वेळा असे दोन ते चार आठवडे नियमाने करावे. एका दिवसात चमत्कार होत नाही.

शेक केव्हा घेऊ नये?

डोळे आले असतील, चिकट पू येत असेल, डोळ्याला मार लागला असेल किंवा त्यात रसायन उडाले असेल, तर शेकत बसू नये. डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करू नये. तीव्र वेदना, एकाएकी कमी दिसणे, प्रकाश सहन न होणे ही लक्षणे असतील तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर त्यामागे शरीराचा वेगळा आजार असू शकतो.

लहान मुलांच्या बाबतीत तर विशेष सावध असावे. मूल संध्याकाळी चाचपडत असेल, डोळ्यांची चमक गेली असेल, तर तो अ जीवनसत्त्वाचा अभाव असू शकतो. त्यावर शेक हा उपाय नव्हे. वेळ गेला तर कायमचे अंधत्व येते. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ठरावीक अंतराने या जीवनसत्त्वाचे डोस सरकारी आरोग्य यंत्रणेकडून मोफत मिळतात. ते चुकवू नयेत.

औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणण्याची सवय तर अतिशय घातक आहे. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते. त्याने लाली पटकन जाते आणि बरे वाटते; परंतु दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. मध, लिंबाचा रस, अंगारा असले काहीही डोळ्यात घालू नये. परंपरेने चालत आले किंवा कोणी मोठ्या माणसाने सांगितले एवढ्यावरून एखादी गोष्ट स्वीकारू नये, ती अनुभवाच्या कसोटीवर पारखावी, ही कालाम सुत्ताची शिकवण आहे. ती डोळ्यांच्या औषधालाही लागू पडते. शेकालाही हीच कसोटी लावावी. चार आठवड्यांत आराम वाटला नाही तर कारण दुसरे असू शकते, तेव्हा तपासणी करून घ्यावी.

विद्यार्थ्यांसाठी चार गोष्टी

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहावे. वाचताना आठवणीने पापण्या पूर्ण मिटाव्यात. पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर येऊ देऊ नये. पडदा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवावा, म्हणजे डोळे कमी उघडे राहतात आणि ओलावा टिकतो. आपल्या अभ्यासिकांतून या सूचना ठळक अक्षरांत लावल्या, तर खर्च नगण्य आणि लाभ मोठा होईल.

ज्या महामानवाने आपल्या ग्रंथांसाठी ‘राजगृह’ उभारले, त्यांचा वारसा आपण वाचनानेच चालविणार आहोत. त्यासाठी डोळे शाबूत हवेत. दहा मिनिटांची ऊब, दोन रुमाल आणि थोडा नियमितपणा एवढे तर प्रत्येक घराला शक्य आहे. सर्व समाजबांधवांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, याचा लाभ घ्यावा आणि सर्वांना निरोगी दृष्टी लाभावी, हीच मंगल कामना.

जय भीम!