जन्मगाव आणि तालीम : बाहेरून आलेल्या विजेत्या मल्लांची परंपरा

प्रस्तावना

जपानमधील व्यावसायिक सुमो स्पर्धेत वरिष्ठ श्रेणीतील मल्लाची घोषणा करताना नावासोबत दोन गोष्टी सांगितल्या जातात : त्याचे जन्मस्थान आणि त्याची 'हेया', म्हणजेच तालीम. आपल्याकडील कुस्ती मैदानांतही मल्लाची ओळख गाव आणि वस्ताद अशा दुहेरी नात्याने करून दिली जाते. ही दोन नाती भिन्न प्रदेशांत विभागली गेली, तर विजेतेपदाचा वारसा कोणाकडे जातो? प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील काही मल्ल आणि सुमोतील परदेशी विजेते यांच्या कारकिर्दींच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

महाराष्ट्रातील परंपरा

राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे कोल्हापूर हे कुस्तीचे केंद्र बनले आणि दूरदूरचे मल्ल तेथे आले. 1959 साली पहिले हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे मूळचे एकसंब्याचे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातील हे गाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले होते. जन्मगाव एका राज्यात आणि तालीम दुसऱ्या राज्यात, अशी ही स्थिती होती. तरीही कुस्तीप्रेमींनी त्यांना कोल्हापूरचेच मल्ल मानले.

हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे. कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत ते घडले, 1969 मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि 1970 च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी शिष्य घडवले. त्यांतील एक म्हणजे अर्जुन पुरस्कारप्राप्त काका पवार, हेही लातूर जिल्ह्यातीलच.

ही साखळी अहिल्यानगर (तत्कालीन अहमदनगर) जिल्ह्यापर्यंत येते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील हर्षवर्धन सदगीर यांनी पुण्यात काका पवारांकडे धडे घेतले आणि जानेवारी 2020 मध्ये नाशिक जिल्ह्याचे प्रतिनिधित्व करीत महाराष्ट्र केसरी किताब पटकावला. अंतिम लढतीतील प्रतिस्पर्धी, लातूरचे शैलेश शेळके, हेही काका पवारांचेच शिष्य. जिल्ह्यांच्या यादीत ही नाशिक विरुद्ध लातूर अशी लढत ठरली. परंपरेच्या दृष्टीने मात्र ती एकाच तालमीतील गुरुबंधूंची होती. सुमोमध्ये एका हेयेतील मल्ल नियमित लढतींत समोरासमोर येत नाहीत. बरोबरी सोडविण्याच्या निर्णायक लढतीतच तसे घडू शकते. तेथे तालमीचे नाते नियमानेच मान्य केलेले आहे.

सुमोतील परदेशी विजेते

हवाई बेटांवर जन्मलेले ताकामियामा 1972 मध्ये सुमोच्या सर्वोच्च श्रेणीत विजेतेपद मिळवणारे पहिले परदेशी मल्ल ठरले. तथापि, विजेता होणे आणि वस्ताद होणे या दोन वेगळ्या पायऱ्या होत्या. निवृत्तीनंतर संघटनेत गुरुपद भूषविण्यासाठी जपानी नागरिकत्व आवश्यक असते. ताकामियामा यांनी ते 1980 मध्ये स्वीकारले आणि 1986 मध्ये स्वतःची हेया स्थापन केली. तेथे घडलेले हवाईचेच आकेबोनो 1993 मध्ये पहिले परदेशी योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदाचे मल्ल, झाले. मंगोलियात जन्मलेल्या हाकुहो यांनी विक्रमी 45 विजेतेपदे मिळवली; त्यांनाही 2019 मध्ये नागरिकत्व बदलावे लागले. शिवाय, एका हेयेत परदेशात जन्मलेल्या एकाच मल्लाला प्रवेश देण्याचे बंधन आहे.

निष्कर्ष

उपरोक्त उदाहरणांवरून असे दिसते की, आखाडा बाहेरच्याला विजयामुळे ओळखतो, पण खऱ्या अर्थाने आपलासा करतो तो त्याच्या हाती शिष्य सोपवून. जपानमध्ये या स्वीकारासाठी नागरिकत्वाची अट आहे. लातूरच्या बिराजदारांना पुण्यात वस्ताद होण्यासाठी अशी कोणतीही अट आड आली नाही. हे आपल्या परंपरेचे औदार्य होय. मात्र ते कोठे लिहिलेले नसल्यामुळे विस्मृतीत जाण्याचा धोकाही आहे. किताबाच्या नोंदीत जिल्हा राहतो, वस्ताद गळतो; आणि रामलिंग मुदगड, गंगावेश, गोकुळ वस्ताद तालीम ते कोंभाळणे हा प्रवास केवळ सांगोवांगी उरतो. म्हणून महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांनी आपल्या मल्लांच्या नोंदी ठेवताना जन्मगाव, तालीम आणि वस्ताद हे तीनही रकाने भरणे इष्ट ठरेल. जिल्ह्याच्या क्रीडा इतिहासाचे विश्वसनीय साधन त्यातूनच उभे राहू शकेल.