कंपनीच्या पैशाने कंपनीविरुद्ध: रॉक संगीतातला डावा आशय

आजचा प्रश्न आपण अगदी साध्या शब्दांत मांडू. जे गाणे एखादी बडी कंपनी छापते, विकते आणि ज्यावर नफा कमावते, ते गाणे भांडवलशाहीच्या विरोधात असू शकते का? असू शकते असे म्हटले, तर त्या ‘असण्या’चा अर्थ काय? शब्द विरोधात आहेत एवढाच, की आणखी काही?

उदाहरण म्हणून आपण लंडनचा ‘द क्लॅश’ हा बँड घेऊ. जानेवारी 1977 मध्ये या मंडळींनी सीबीएस या बलाढ्य अमेरिकन कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला. पंक चळवळीतल्या कट्टर लोकांनी तेव्हाच कपाळावर हात मारला. पुढे त्याच वर्षी कंपनीने बँडला न विचारता त्यांचे एक गाणे स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून बाजारात आणले. चिडून त्यांनी ‘कम्प्लीट कंट्रोल’ हे गाणे रचले. त्यात कंपनीच्या या दादागिरीचीच तक्रार आहे. आता गंमत पाहा, हे गाणे प्रसिद्ध कोणी केले? सीबीएसनेच! शिवी देणारा आपला, शिवी विकणाराही आपला, आणि गल्ल्यात पैसे जमा.

थिओडोर अडोर्नो हे 1969 साली वारले. त्यांनी पंक ऐकले नाही. पण त्यांच्याकडे याचे उत्तर तयार होते. व्हिएतनाम युद्धाविरुद्धची लोकप्रिय गाणी निघू लागली तेव्हा एका मुलाखतीत त्यांनी सांगितले की, हा सारा खटाटोप फसणारच. का? तर करमणुकीचे संगीत उपभोगासाठीच घडवलेले असते, आणि त्यात भयंकर गोष्ट घातली की ती भयंकर गोष्टही उपभोग्य होते. श्रोता चार मिनिटे हळहळतो, बरे वाटून घेतो, मोकळा होतो. गाण्याचा साचा बदलत नाही, आणि साचाच माणसाला आज्ञाधारक बनवतो, असे त्यांचे म्हणणे.

हा युक्तिवाद हलक्यात घेऊ नये. 1991 साली क्लॅशचेच एक जुने गाणे लीव्हाइसच्या जीन्सच्या जाहिरातीत वाजले, आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले त्यांचे ते एकमेव गाणे ठरले. बँड तोवर मोडलेलाही होता. अडोर्नोंना याहून चांगला पुरावा कुठला मिळाला असता?

तरीही आम्हाला वाटते की अडोर्नो एका ठिकाणी घाई करतात. ते गाण्याकडे एक वस्तू म्हणून पाहतात आणि ती वस्तू एकटा श्रोता एकट्याने वापरतो असे धरून चालतात. त्यांचेच स्नेही वाल्टर बेन्यामिन यांनी 1934 साली वेगळा प्रश्न विचारला होता. एखादी कलाकृती आपल्या काळातल्या उत्पादनसंबंधांबद्दल काय भूमिका घेते, हे विचारण्याआधी ती त्या संबंधांच्या आत कुठे उभी आहे ते विचारा, असे त्यांनी सुचवले. म्हणजे काय? तर शब्द काय आहेत याइतकेच ते कोणी, कुणासाठी, कोणत्या भावात विकले हेही महत्त्वाचे.

या कसोटीने क्लॅशकडे पुन्हा पाहू. डिसेंबर 1980 मध्ये त्यांनी ‘सँडिनिस्टा!’ हा तीन रेकॉर्डींचा संच काढला. 36 गाणी. आदल्या वर्षी निकाराग्वात सोमोझाची हुकूमशाही उलथवणाऱ्या क्रांतिकारकांचे नाव त्याला दिले, आणि त्या संघटनेची आद्याक्षरे रेकॉर्डच्या अनुक्रमांकात घातली. पण आम्हाला यातली मोलाची गोष्ट किंमत वाटते. तिन्ही रेकॉर्डी एकीच्या भावात विकायच्या, हा बँडचा हट्ट. त्यासाठी ब्रिटनमध्ये खपणाऱ्या पहिल्या दोन लाख प्रतींवरचे मानधन त्यांनी सोडले. घोषणा फुकट देता येते. इथे खिशातून पैसे गेले. (36 गाण्यांतली दहाएक नसती तरी चालले असते, हे आपले आपल्यात.) त्याच संचातल्या ‘वॉशिंग्टन बुलेट्स’ या गाण्यात चिली, क्यूबा, निकाराग्वा इथल्या अमेरिकी हस्तक्षेपाबरोबर अफगाणिस्तानातले रशियन आणि तिबेटातले चिनीही येतात. म्हणजे डावेपण हे पक्षनिष्ठेशी बांधलेले नव्हते.

किमतीचा हा मुद्दा इतरांनीही ओळखला होता. क्रास हा अराजकवादी बँड आपल्या रेकॉर्डींच्या वेष्टनावर ‘याहून जास्त पैसे देऊ नका’ असे छापत असे. बिली ब्रॅगने 1983 साली तेच केले. दुकानदारांना ते आवडत नसणार, हे उघड आहे.

दुसरा भाग अर्थाचा. गाणारा एक म्हणतो, ऐकणारा भलतेच ऐकतो. सप्टेंबर 1984 मध्ये अध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत ब्रूस स्प्रिंगस्टीनचे नाव मोठ्या कौतुकाने घेतले. त्याचे ‘बॉर्न इन द यूएसए’ तेव्हा गाजत होते. त्या गाण्याची कडवी व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळणाऱ्या कामगाराची आहेत. पण धृपद स्टेडियमभर मुठी आवळून गाता येते. लोकांना धृपद लक्षात राहते, कडवी राहत नाहीत! दोनच दिवसांनी स्प्रिंगस्टीनने मंचावरून या कौतुकाची टर उडवली आणि नोकरी गेलेल्या मोटार कामगारावरचे दुसरे गाणे म्हटले. इथे आपण रेगन यांना अडाणी म्हणून सुटू शकत नाही. संगीत आणि शब्द दोन दिशांना ओढत असतील, तर संगीताचे वजन जास्त पडते. रॉकमध्ये तर विशेषच.

मग रॉक राजकारणात काही करू शकते का? आमच्या मते एक ठोस उदाहरण आहे, आणि त्यात एकाही गाण्याचा ‘संदेश’ मध्यभागी नाही.

ऑगस्ट 1976 मध्ये बर्मिंगहॅमच्या मैफलीत एरिक क्लॅप्टनने दारूच्या नशेत इनॉक पॉवेल या स्थलांतरितविरोधी नेत्याची बाजू घेतली आणि परदेशी लोकांना हाकला असे सांगितले. हाच माणूस दोन वर्षांपूर्वी बॉब मार्लीचे गाणे गाऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता. रेड साँडर्स नावाच्या छायाचित्रकाराने आणि त्याच्या मित्रांनी संगीत-साप्ताहिकांना संतप्त पत्र लिहिले. त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही संघटना उभी राहिली. तिचे धोरण सोपे होते: गोऱ्यांचे पंक बँड आणि कृष्णवर्णीयांचे रेगे बँड एकाच मंचावर आणायचे.

30 एप्रिल 1978 रोजी ट्राफल्गर चौकातून निघालेला मोर्चा काही मैल चालत पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात पोचला. नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाचे जिथे बळ होते, तोच हा भाग. तिथे क्लॅश, स्टील पल्स, एक्स-रे स्पेक्स आणि टॉम रॉबिन्सन यांचा बँड वाजला. 80,000 च्या आसपास माणसे होती. त्यातली किती भाषण ऐकायला आली असतील? फारच थोडी, बहुतेक बँडसाठी आलेली. पण एकदा आल्यावर आपल्यासारखी इतकी माणसे आहेत, हे त्यांना डोळ्यांनी दिसले. गर्दीत उभा असलेला तरुण बिली ब्रॅग पुढे सांगत असे की, त्या दिवसाने त्याचे राजकारण घडवले. अडोर्नोंच्या हिशेबात ही गोष्ट बसत नाही, कारण इथला श्रोता एकटा नाही.

अर्थात, श्रेय वाटताना हात आखडता घ्यायला हवा. 1979 च्या निवडणुकीत नॅशनल फ्रंटने 303 उमेदवार उभे केले आणि एक टक्काही मते मिळवली नाहीत, हे खरे. पण त्याआधी मार्गारेट थॅचर यांनी स्थलांतराबद्दल कडक भाषा वापरून त्या पक्षाचे बरेच मतदार आपल्याकडे ओढले होते, हेही खरेच. पराभव कुठल्या कारणाने किती, याचे मोजमाप कोणी करून दाखवलेले नाही. शिवाय 1987 मध्ये ब्रॅगप्रभृती गायकांनी ‘रेड वेज’ या नावाने थेट मजूर पक्षासाठी जोर लावला, तेव्हा पक्ष सपाटून हरला.

आता उलट टोक पाहू. डिसेंबर 2009 मध्ये ब्रिटनमधल्या लोकांनी ठरवले की, दूरदर्शनवरच्या गायनस्पर्धेच्या विजेत्याला नाताळात पहिला क्रमांक मिळू द्यायचा नाही. त्यासाठी ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या उघड डाव्या अमेरिकन बँडचे 1992 चे गाणे पाच लाखांवर लोकांनी विकत घेतले आणि ते पहिले आले. बंडच झाले म्हणायचे! फक्त दोन्ही गाणी सोनीच्याच छत्राखालची होती. स्पर्धा हरली काय, जिंकली काय, सोनीला फरक पडला नाही. तरी बँडने आपला वाटा बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिला, आणि पुढच्या जूनमध्ये लंडनमध्ये फुकट मैफल केली. म्हणजे पुन्हा बेन्यामिनच: गाणे काय म्हणते, यापेक्षा मिळालेल्या पैशाचे काय केले!

क्लॅशचा गायक जो स्ट्रमर हा परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा, निवासी शाळेत शिकलेला. त्यावरून त्याला आयुष्यभर टोमणे मिळाले. टीकाकारांचे म्हणणे असे की, साहेबाच्या पोराने कामगारांचे गाणे गाऊ नये. हा तर्क आम्हाला कच्चा वाटतो. एंगेल्स तर गिरणीमालक होते. नोव्हेंबर 2002 मध्ये, मृत्यूच्या महिनाभर आधी, स्ट्रमर पश्चिम लंडनच्या ॲक्टन टाउन हॉलमध्ये संपावरच्या अग्निशमन कामगारांच्या मदतीसाठी गायला. क्लॅशमधून काढून टाकलेला मिक जोन्स श्रोत्यांत बसला होता; तो उठून मंचावर गेला आणि जवळपास 20 वर्षांनी दोघे एकत्र वाजले. तिकिटाचे पैसे संपकऱ्यांच्या निधीत गेले.

एवढे बोलून आपण थांबू. काहींनी चिठ्ठ्या पाठवल्या आहेत, त्या आता घेऊ.