पिवळ्या सोयाबीनची तीस वर्षं

मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघालं की वाटेत सुलतानपूर लागतं. लोणार तालुक्यातल्या या पट्ट्यात ऑगस्ट महिन्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनच दिसतं, अधूनमधून तुरीच्या ओळी. ज्वारी-कपाशीची ही जमीन गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सोयाबीनने व्यापली. या पिकाने घरं उभी केली, लेकरांची शिक्षणं केली. पण याच काळात त्याच्या मागे पिवळा मोझॅकही लागला. या रोगावर औषध नाही.

सुरुवात चांगली झाली होती. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं ‘जेएस 335’ हे वाण 1994 च्या सुमारास आलं. साधारण शंभर दिवसांत निघणारं, हलक्या-भारी दोन्ही जमिनींत जमणारं, उताराही बरा. मध्य प्रदेश आणि विदर्भाने ते डोक्यावर घेतलं. घरचं बियाणं, शेजाऱ्याचं बियाणं, दुकानातली थैली, सगळीकडे तेच. मात्र हे वाण पिवळ्या मोझॅकला बळी पडणारं होतं. एकाच नाजूक वाणाखाली लाखो हेक्टर जमीन ठेवण्याची ही चूक कुणा एकाची नाही. विद्यापीठं, बियाणे कंपन्या, दुकानदार आणि आपण शेतकरी, सगळ्यांनी मिळून ती वर्षानुवर्षं केली. त्याचा पहिला मोठा धडा 2015 मध्ये मध्य प्रदेशाला मिळाला. तिथल्या सोयाबीन पट्ट्यात शेतंच्या शेतं पिवळी पडली. आपण ते बातमीत वाचलं आणि पुढच्या जूनला तीच थैली आणली.

रोग पसरतो कसा, ते वावरात वाकून पाहिल्याशिवाय पटत नाही. सकाळी, ऊन चढायच्या आत, झाडाचं वरचं पान हळूच उलटं करावं. खालच्या बाजूला तांदळाच्या कणीहूनही बारीक पांढऱ्या माश्या बसलेल्या असतात. झाड हललं की भुर्रकन उठतात आणि लगेच पुन्हा बसतात. ही पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषते तेव्हा विषाणू तिच्या पोटात जातो आणि बहुधा मरेपर्यंत तिथेच राहतो. नंतर ती ज्या निरोगी झाडावर बसेल, त्याला लागण व्हायला काही मिनिटं पुरतात. आधी पानावर पिवळे ठिपके येतात, मग हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांचं पान होतं, शेंगा कमी लागतात, दाणा बारीक राहतो. लागलेलं झाड कोणत्याही फवाऱ्याने पुन्हा हिरवं होत नाही. फवारा फक्त माशी मारतो.

या रोगाला खतपाणी मिळालं ते 2019 नंतरच्या वर्षांत, आणि तेही पावसामुळे. 2019 च्या ऑक्टोबरात सोंगणीच्या वेळी पाऊस कोसळला, बियाणं खराब झालं. 2020 च्या खरिपात न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला. त्याही हंगामाच्या शेवटी पावसाने दाणा डागाळला. 2021 च्या जुलै-ऑगस्टात भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला. बियाण्याची टंचाई आणि चढा भाव, म्हणून उन्हाळी सोयाबीन घ्यायची लाट आली आणि कृषी खात्यानेही बियाण्यासाठी तिला उत्तेजन दिलं. गरज खरी होती, शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. पण मूग, उडीद, चवळी आणि सोयाबीन ही सगळी या विषाणूची घरं. उन्हाळ्यात वावरं रिकामी असली की माशीची साखळी तुटायची, ती आता हिरव्या पिकावरून सरळ जूनपर्यंत पोचू लागली.

मग 2023 आलं. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वात कोरडा ठरला. पाऊस 36 टक्के कमी. कोरडं, उष्ण हवामान पांढऱ्या माशीला मानवतं. सप्टेंबरात चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, वर्धा भागांतलं सोयाबीन पिवळं पडलं, त्यात मूळकूज-खोडकुजीचीही भर पडली. पंचनाम्यांची मागणी झाली. एक रुपयात पीकविमा त्याच खरिपात सुरू झाला होता. पण गारपिटीसारखी 72 तासांत तक्रार करून भरपाई मिळवण्याची सोय रोगासाठी नव्हती, सगळा हिशेब मंडळाच्या सरासरी उत्पादनावर. माझ्या मते ही उणीव आजही बोचणारी आहे.

यात धानाकडून शिकण्यासारखं बरंच आहे. भातातला टुंग्रो रोगही असाच, हिरव्या तुडतुड्यांमार्फत पसरणारा. इंडोनेशियाच्या दक्षिण सुलावेसीत 1983 पासून त्यावर उपाय झाला तो परिसराने एकाच वेळी लावणी करण्याचा आणि वाणं आळीपाळीने बदलण्याचा. पंजाबात 2022 मध्ये भाताची झाडं खुजी राहू लागली, तेव्हा लुधियानाच्या विद्यापीठाने तुडतुड्यांनी वाहून आणलेला विषाणू ओळखला. दोन्हीकडे एकट्याच्या शेतात फवारून भागत नव्हतं. शेजाऱ्याच्या वावरात माशी असेल तर माझा फवारा चार दिवसांचा.

आज हाताशी साधनं आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अमरावती केंद्राने ‘पीडीकेव्ही यलो गोल्ड’ आणि ‘पीडीकेव्ही अंबा’ दिली, जबलपूरची ‘जेएस 20-29’ सारखी रोगाला तोंड देणारी वाणं आहेत. पेरणीआधी थायामिथोक्झाम 30 एफएस किलोला 10 मिली या प्रमाणात चोळलं तर कोवळ्या वयातली माशी आवरते. पिवळे चिकट सापळे, निंबोळी अर्क, युरियाचा आवरता हात, हे सगळं स्वस्त आहे. एकच सिंथेटिक पायरेथ्रॉइड पुन्हा पुन्हा मारू नये; 1980 च्या दशकात आंध्रच्या कपाशीत अशा फवाऱ्यांनंतरच पांढरी माशी उसळली होती.

सुलतानपूर आणि आजूबाजूच्या गावांतल्या वाचकांना एवढीच विनंती : मे महिन्यात गावाने एकदा बसावं, कुणाकडे कोणतं वाण येणार ते ठरवावं, आणि उन्हाळी मूग-सोयाबीन या भागात टाळावं. पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्यात पिवळं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटून बांधावर न टाकता गाडून टाकावं, आणि शेजाऱ्यालाही सांगावं.