इयादतीला जाताना: औषधांना न जुमानणारे जंतू आणि आपले हात

नात्यातले, शेजारचे किंवा मोहल्ल्यातले कोणी इस्पितळात दाखल झाले की आपल्याकडे निम्मे घर भेटीला निघते. आजाऱ्याची विचारपूस करणे, त्याच्यासाठी दुआ मागणे ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची सुन्नत आहे. एका मुसलमानाचा दुसऱ्यावर असलेला तो हक्क आहे. म्हणून डब्यातून यखनी जाते, फळे जातात, सोबत लहान मुलेही जातात. रुग्णाच्या पलंगावर बसून, त्याचा हात हातात घेऊन चार धीराचे शब्द बोलले जातात. मग शेजारच्या पलंगावरील अनोळखी रुग्णाच्या डोक्यावरूनही मायेने हात फिरवला जातो.

ही माया खरी आहे आणि ती टिकलीच पाहिजे. पण इस्पितळांमध्ये झालेले संशोधन आपल्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. काही अतिशय चिवट जंतू एका पलंगावरून दुसऱ्या पलंगावर जातात, आणि त्यांचे सर्वात मोठे वाहन म्हणजे माणसाचे हात. या जंतूंवर नेहमीची अँटिबायोटिक औषधे चालत नाहीत.

औषध निकामी कसे होते?

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात पेनिसिलिनचा शोध लागला. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या वेळी केलेल्या भाषणातच त्यांनी इशारा दिला होता की, हे औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला सरावतील. तसेच घडले. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या जंतूंसाठी मेथिसिलिन हे नवे औषध आले. १९६१ मध्ये, म्हणजे अवघ्या दोनेक वर्षांत, त्यालाही न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्ये सापडले. ‘एमआरएसए’ या नावाने ते आज जगभरच्या इस्पितळांना ठाऊक आहेत.

यामागचे तत्त्व समजायला अवघड नाही. आपल्या शरीरात कोट्यवधी जंतू असतात. त्यांत एखादा औषध पचवणारा निघतो. औषधाने बाकीचे मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत तोच वाढतो. शिवाय काही जंतूंकडे प्लास्मिड नावाचे जनुकांचे छोटे कडे असते. औषधापासून बचावाची युक्ती त्यात साठवलेली असते आणि एका जातीचा जंतू ते दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो.

इस्पितळात हे अधिक घडते. तिथे अँटिबायोटिकचा वापर सर्वात जास्त असतो, रुग्णांची प्रतिकारशक्ती खालावलेली असते, आणि सलाईनच्या सुया, लघवीच्या नळ्या, व्हेंटिलेटरच्या नळ्या यांमुळे जंतूंना शरीरात शिरायला वाट मिळते.

दिल्लीतील बाळांचा अभ्यास

२०११ ते २०१४ या काळात दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत नवजात बाळांचा एक विस्तृत अभ्यास झाला. अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० बाळांवर संशोधकांनी लक्ष ठेवले. त्यांपैकी सुमारे १४ टक्के बाळांना जंतुसंसर्ग होऊन तो रक्तात पसरला होता. असा संसर्ग सहसा नंतर होतो असा समज होता, पण इथे जवळपास दोन तृतीयांश वेळा तो जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतच झालेला दिसला.

या बाळांत सर्वाधिक आढळलेला जंतू होता ॲसिनेटोबॅक्टर. त्याच्या नमुन्यांपैकी ८२ टक्के नमुने अनेक प्रकारच्या अँटिबायोटिकना दाद देत नव्हते. क्लेबसिएला या जंतूच्या बाबतीत हे प्रमाण ५४ टक्के होते. या बाळांच्या मृत्यूंपैकी जवळपास एक चतुर्थांश मृत्यू अशा संसर्गामुळे झाले.

नऊ महिने वाट पाहून घरात आलेले लेकरू, आणि त्याच्यासाठी डॉक्टरांच्या हातात चालेल असे औषधच नाही! जगाचा हिशेबही असाच चिंतेचा आहे. २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

इस्पितळाच्या भिंतीबाहेर

२००८ मध्ये स्वीडनमधील एका भारतीय वंशाच्या रुग्णात एक नवा प्रकार सापडला. त्याआधी हा रुग्ण नवी दिल्लीत इस्पितळात होता. त्याच्या शरीरातील जंतू कार्बापेनेम या राखीव ठेवलेल्या प्रभावी औषधांनाही निष्प्रभ करणारे एन्झाइम तयार करत होता. त्या एन्झाइमला नवी दिल्लीचे नाव जोडले गेले आणि ‘एनडीएम-१’ जगभर गाजले. नावावरून आपल्याकडे नाराजी उमटली. पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिल्लीच्या नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये, आणि रस्त्यांवर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये हे जनुक आढळले. म्हणजे प्रश्न वॉर्डात कोंडलेला राहिलेला नव्हता.

असे जंतू निरोगी माणसाच्या आतड्यातही महिनोन्‌महिने राहू शकतात. त्याला काही त्रास होत नाही. तो इस्पितळात गेला की जंतूही सोबत जातात.

हात धुतल्याने किती फरक पडतो?

१८४७ मध्ये व्हिएन्नातील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रसूतिगृहातील डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरी त्यांचे म्हणणे त्या काळी अनेकांनी मानले नाही.

अलीकडचा दाखला जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयाचा. तिथे डॉ. दिदिए पितेत आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक पलंगाजवळ अल्कोहोलयुक्त द्रावण ठेवले. हात स्वच्छ करण्याचे प्रमाण १९९४ मधील ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेले. त्याच सुमारास रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आत आले आणि एमआरएसएचा फैलावही निम्म्याहून कमी झाला. यासाठी कोणतेही नवे औषध लागले नाही.

सॅनिटायझरमधील अल्कोहोलचे काय?

आपल्यापैकी काहींना सॅनिटायझर लावताना संकोच वाटतो. या प्रश्नाचा विचार आलिमांनी केलेला आहे. २००२ मध्ये मक्केत झालेल्या इस्लामी फिकह परिषदेच्या बैठकीत जखम स्वच्छ करण्यासाठी, जंतू मारण्यासाठी आणि त्वचेवर लावायच्या मलमांत अल्कोहोलचा बाह्य वापर जायज ठरवण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या हात-स्वच्छतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत याची दखल घेतली आहे. तरीही मनात शंका असेल तर साबण आणि पाणी आहेच. हात मळलेले दिसत असतील, तर साबणच वापरावा.

आणखी एक गोष्ट. वुजूमुळे दिवसातून अनेकदा हात धुण्याची चांगली सवय आपल्याला असते. पण ‘वुजू आहे, म्हणजे हात जंतुमुक्त आहेत’ असे समजू नये. वुजू इबादतीसाठी आहे. रुग्णाजवळ जाताना साबणाने, बोटांच्या बेचक्यांसह आणि नखांखाली, हात वेगळे धुवावेत.

आपण काय करू शकतो?

भारतात यासाठी प्रयत्न झाले आहेत. चेन्नईचे संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. अब्दुल गफूर यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये डॉक्टरांच्या संघटना एकत्र आल्या आणि ‘चेन्नई जाहीरनामा’ तयार झाला. मार्च २०१४ पासून अनेक महत्त्वाची अँटिबायोटिक ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आली. ती विकताना दुकानदाराला डॉक्टरांच्या चिठ्ठीची नोंद ठेवावी लागते. औषधाच्या पट्टीवरची उभी लाल रेघ ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ असे सांगते. पण कायद्याला घरची साथ हवी. त्यासाठी एवढे पाळावे:

• रुग्णाला भेटण्याआधी आणि भेटून निघताना हात स्वच्छ करावेत. एका रुग्णाकडून थेट दुसऱ्याकडे जाऊ नये.
• पलंगावर बसू नये. सलाईन, नळी, पट्टी यांना हात लावू नये.
• भेटीला एका वेळी एक-दोघांनीच जावे, थोडा वेळच थांबावे. लहान मुलांना आणि सर्दी-ताप असलेल्यांना घरी ठेवावे. त्यांनी फोनवर चौकशी करावी, घरून दुआ करावी.
• नवजात बाळाच्या कानात अजान देणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत. बाळ हातोहात फिरवू नये, त्याचे मुके घेऊ नयेत. अतिदक्षता विभागात असेल तर डॉक्टर सांगतील तसेच करावे.
• सर्दी-पडसे विषाणूमुळे होते. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. डॉक्टरांकडे ते मागू नये.
• अँटिबायोटिक सांगितले तेवढ्या मात्रेत, सांगितले तितके दिवस घ्यावे. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत, पुढच्या आजारासाठीही ठेवू नयेत.

डॉक्टर किंवा नर्स रुग्णाला हात लावण्यापूर्वी ‘हात स्वच्छ केलेत ना?’ असे अदबीने विचारायला कचरू नये. रुग्णाला तो अधिकार आहे, आणि बेशुद्ध रुग्णाच्या किंवा तान्ह्या बाळाच्या वतीने तो घरच्यांनीच वापरायचा आहे. आजाऱ्याला शिफा देणारा अल्लाह आहे. आपल्या हातांनी त्याचा आजार वाढू नये, एवढी काळजी मात्र आपण घेऊ शकतो.